परीक्षेचं स्टिअरिंग

—नाही, नाही, हात नको लावूस. आधी बस. त्या रंगाच्या डब्यावर बस, कोरडा आहे तो. स्टिअरिंग माझ्या मांडीवर आहे ना, मग ते काही पळून जात नाही. परीक्षा उद्या सकाळी आठला, आणि आत्ता वाजलेत साडेतीन. बसवायला किती वेळ लागतो? अर्धा तास. तुला दीड तास धर, दाताच्या डॉक्टरकडे कामाला आहेस तू, पाने कधी धरलेस हातात? चहा विचारत नाही मी. मोरीन होती तोवर इथे गॅरेजमध्ये चहा, बिस्किटं, सगळं यायचं. बायको गेली, चहा गेला. आणि हे बघ हेझल, ‘डेनिस अंकल’ म्हणू नकोस. लहानपणी म्हणायचीस ते ठीक होतं, आता तिशी ओलांडलीस.

तर मी काय म्हणत होतो – हां, स्टिअरिंग. आपल्या कार क्लबची रीत तुझ्या बापाने तुला सांगितली असेलच, पण माझ्याकडूनही ऐक. या ग्लॉसपच्या आसपास जो कोणी खोकी मागवून, सुटे भाग जोडून घरी स्पोर्ट्‌स कार बांधतो, त्याला गाडीच्या सरकारी परीक्षेच्या आदल्या दिवशी या दारात यावंच लागतं. का? कारण सगळ्यांना हौस त्या छोट्या, चपट्या, चामड्याच्या स्टिअरिंगची. तसलं बघितलं की परीक्षक दारातूनच परत पाठवतो. त्याला हवं हे असलं, जाडजूड, मध्ये गादी, कुठे धार नाही, टोक नाही. भिकार दिसतं, म्हणून विकत कोणी घेत नाही. क्लबने एकच घेऊन ठेवलंय. परीक्षेपुरतं लावायचं, पास व्हायचं, नंबर प्लेट मिळवायची, आणि पुसून मला आणून द्यायचं. वीस वर्षं ते माझ्या ताब्यात आहे. एकशे चौदा गाड्या पास झाल्या या एका स्टिअरिंगवर, आणि त्यातली एकही मी तपासल्याशिवाय इथून गेली नाही. सेक्रेटरी येतात नि जातात, स्टिअरिंग डेनिस गारसाइडकडे. सेक्रेटरीला फोन करून बघ हवा तर – तो मलाच फोन करेल.

तुझी गाडी बघितली मी, ट्रेलरवर चढून बघितली, माझ्या गुडघ्यांची पर्वा न करता. बोलू? रडणार नाहीस ना? ती रबराची पट्टी कोणी चिकटवली दाराच्या कडेला? तू? वाटलंच. लहान मूल जिभेने पाकीट चिकटवतं तशी चिकटवलीस. अगं, परीक्षक खिशातून एवढा गोळा काढतो, मुठीएवढा, आणि गाडीवर फिरवतो. जिथे जिथे तो गोळा टेकतो तिथे तिथे कड बोथट पाहिजे, नाहीतर नापास. गोळ्याने तुझी पट्टी उचलली की खेळ खलास. आणि नटांच्या टोप्या – मोजल्या मी – डाव्या मागच्या चाकाजवळ एक नाहीये. हो, आहे आहे म्हणून काय सांगतेस, मी बघितलं ना! पडली असेल वाटेत. हे मी तुला सांगितलं हे उपकार समज. ग्रॅहमला नव्हतं सांगितलं. ग्रॅहम, तो पोस्टात होता तो – त्याची एक टोपी नव्हती, मला दिसलं, हे स्टिअरिंग त्याच्या हातात दिलं, ‘शुभेच्छा’ म्हटलं आणि गप्प बसलो. एका टोपीसाठी सात आठवडे थांबला बिचारा. बिचारा कसला! उर्मट होता. मला विचारतो, ‘डेनिस, तुझी गाडी कधी निघणार?’ आणि चारचौघांत विचारतो.

माझी? ती बघ, चादरीखाली. निघेल. वेळच मिळत नाही मला, बाकीच्यांच्या गाड्या तपासण्यात दिवस जातात. बघू नकोस, चादर उचलू नकोस म्हणतोय ना! बस खाली.

तुला माहीत आहे का, तुझ्या बापाची नि माझी गाडी एकाच दिवशी आली? एकाच ट्रकमधून. अठ्ठ्याण्णव साल. तू तेव्हा शाळेत होतीस, सॉक्स खाली घसरलेले, नाक वाहतंय. दोघांचे सांगाडे इथे या फरशीवर शेजारी शेजारी ठेवले आम्ही. ही काँक्रीटची फरशी मी स्वतः ओतलेली. पाच वर्षं दर शनिवारी – कीथ त्या बाजूला, मी या बाजूला, मोरीन मध्ये ट्रे घेऊन उभी, रेडिओवर फुटबॉल. आणि एका शनिवारी कीथ येतो, हातात लेव्हलची बाटली, ती ठेवतो फरशीवर, डोळे बारीक करून बघतो आणि म्हणतो, ‘डेनिस, तुझी फरशी त्या कोपऱ्यात उतरतेय, मापं फरशीवरून नको घेऊस.’ मी म्हटलं, फरशी माझी, ओतली मी, मला शिकवतोस? काही बोलला नाही. तोच तर त्याचा दुर्गुण, बोलत नाही. पुढच्या आठवड्यात भावाची व्हॅन आणली आणि सांगाडा घेऊन गेला घरी. माझ्या बायकोसमोर. म्हणजे काय झालं त्याचा अर्थ? डेनिसची फरशी वाकडी, डेनिसची गाडी वाकडी, डेनिस वाकडा. हाच ना?

नाही, भांडण नाही झालं. आमच्यात कधी भांडण झालं नाही. ख्रिसमसला कार्ड येतं.

आणि वाकडी असली तर असली! स्टिअरिंग वळवून हात सोडला की ते आपोआप सरळ व्हायला हवं, हे माझ्या गाडीत होत नाही, एवढंच. एवढंच! डावीकडे ओढते थोडी. पहिल्यांदा परीक्षक म्हणाला, चाकांचा कोन बघा. मी बघितला. दुसऱ्यांदा दुसरा परीक्षक होता, तोही तेच म्हणाला. तिसऱ्यांदा तर हसला तो माणूस, तोंड फिरवून हसला, मला आरशात दिसलं— काय? हो, तीनदा. मग? क्लबात कोणाला माहीत नाही, आणि तूही कोणाला सांगायचं नाहीस. मोरीनला फक्त माहीत होतं, कारण तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा जेवायच्या टेबलावर... जाऊ दे. मोरीनला माहीत होतं, आणि ती आता वरच्या चर्चमागच्या दफनभूमीत आहे.

मला उलट विचारू नकोस. गरज तुझी आहे. तारीख चुकली तर पुढची एप्रिलच्या शेवटी, बरोबर? आणि तुझ्या बापाला डॉक्टर किती म्हणाले? तीन आठवडे? पूर्ण तीन की तीनच्या आत? परवा क्लबात ऐकलं, आता नुसतं कस्टर्ड जातं पोटात. त्या हॉस्पिसमध्ये खिडकीशी बसून राहतो म्हणे, आणि एकच हट्ट – गाडीला नंबर मिळू दे, हेझलने मला एकदा स्नेक पासच्या घाटातून फिरवून आणावं, मग काय व्हायचं ते होवो. एकदाच. आणि नंबर नाही तर रस्ता नाही. म्हणजे बघ हं, आत्ता त्या माणसाची ती एक फेरी माझ्या मांडीवर आहे. गंमत आहे की नाही? कीथ ऑलरेनशॉ, ज्याचं कधी कोणावाचून अडलं नाही.

तू बांधलीस शेवटचा भाग, मान्य. फोनवर तो सांगायचा आणि तू खाली झोपून करायचीस, कामावरून येऊन, मान्य. कौतुक करू? करतो. पण ही वेळ आलीच कशी? दोन वर्षांपूर्वी तो धडधाकट होता, गाडी तयार होती, अगदी रंगासकट. इथेच आला होता स्टिअरिंग मागायला, तू बसलीस त्याच डब्यावर बसला. तारीख तीन आठवड्यांवर. मी म्हटलं, दाखव. खाली शिरलो, सीटचा पट्टा जिथे अडकतो तो ब्रॅकेट बघितला, बाहेर आलो आणि म्हटलं, कीथ, तुझा वेल्ड कच्चा आहे. एक धक्का बसला तर पट्टा ब्रॅकेटसकट हातात येईल. असा मी तुला स्टिअरिंग देत नाही, तुझा जीव माझ्या नावावर नको. माझ्याकडे बघत बसला तो. मग म्हणाला, ‘बरं.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी गाडी इथे आत घेतली, बॉडी उतरवली, टाकी उतरवली, आणि झोपला खाली कापायला. मी बॅटरीचा झोत धरला. काय वेल्ड होता तो, हेझल! एका रांगेत, एकसारखा, कुठे फोड नाही, कुठे भोक नाही, असा वेल्ड मला जन्मात जमला नाही – पाऊण तास लागला त्याला तो कापायला. पाऊण तास! ठिणग्या उडतायत, आणि मी बॅटरी धरून उभा, आणि मनात म्हणतोय, काप, काप, तुझाच हात आहे, तूच काप...

काय झालं? अशी का बघतेस?

कच्चाच होता. कच्चा म्हणजे – दिसायला चांगला होता, आतून... आतलं तुला काय कळतंय! परीक्षक काहीही बघतात. मी काळजीपोटी म्हटलं. उठू नकोस. बस म्हणतोय ना!

बरं. नव्हता कच्चा. झालं समाधान? त्याच महिन्यात मी तिसऱ्यांदा नापास झालो होतो. आणि हा येतो, रंग लावून, शीळ घालत, ‘डेनिस, स्टिअरिंग दे’. पंधरा वर्षं आपल्या घरी सपाट फरशीवर बसून बांधलीन, आणि माझ्या दारात येऊन स्टिअरिंग दे! मला वाटलं दोन महिने रखडेल. वर्षाने तो आजारी पडेल हे मला काय ठाऊक? आजार मी दिला नाही त्याला. ते माझ्या माथी मारू नकोस.

आता ऐक. नीट ऐक, कारण मी एकदाच सांगणार. कीथला हे कळायचं नाही. समजलं? वेल्डचं कळायचं नाही. तू इथे बसून शपथ घे, तुझ्या आईची घे, म्हणजे स्टिअरिंग घेऊन जा. पट्टी चिकटवायला चांगला गोंद देतो, टोपी देतो, सगळं देतो. उद्या पास होशील, माझा शब्द. नाही घेतलीस तर एप्रिल. एप्रिलमध्ये फिरवशील कोणाला, ते तूच ठरव. काय? निष्ठूर? असेन. शपथ घेतेस की नाही ते सांग.

का हसतेस?

मोठ्याने बोल. काय म्हणालीस?

माहीत आहे म्हणजे? कोणाला माहीत आहे? – कीथला? वेल्डचं? खोटं बोलतेस. कधीपासून? त्याच दिवशी? इथेच, मी म्हणालो तेव्हाच? मग कापला कशाला? स्वतःचा वेल्ड ओळखत होता तर हसून निघून जायचं, दुसऱ्या जिल्ह्यातून स्टिअरिंग आणायचं, कापला कशाला त्याने?

...मोरीनने सांगितलं त्याला? माझं नापास होण्याचं? ही कुठे भेटली त्याला? दुकानात. बरं. त्याच संध्याकाळी दुकानात भेटली, रडली, आणि सांगितलं. बरं. आणि तो? ‘एकाच ट्रकमधून आल्या, एकदमच रस्त्यावर जाऊ देत.’ असं म्हणाला? माझ्या आधी नंबर लावायचा नव्हता त्याला? म्हणून कापला? दोन महिन्यांत परत जोडीन, तोवर डेनिस आपली सरळ करेल, मग दोघं एका सकाळी... म्हणून माझी निघेपर्यंत थांबून राहिला? हे त्याने तुला कधी सांगितलं? आज? आज सकाळी. आणि तरी तुला माझ्याकडेच पाठवलं. काही बोलू नकोस म्हणून पाठवलं.

काही निरोप आहे? नको. नको म्हटलं ना, ऐकायचा नाही मला, त्याची दया नकोय. चादरीकडे बघू नकोस.

ऊठ.

ऊठ म्हणतोय. स्टिअरिंग नाहीये. दुसऱ्याला कबूल केलंय मी, विसरलो होतो. कोणाला ते तुला काय करायचंय? स्टॉकपोर्टचा माणूस आहे एक, त्याचीही उद्याच आहे. हो, माझ्या हातात आहे, दिसतंय मला, आंधळा नाही झालो. हात काढ. हेझल, हात काढ त्याच्यावरून. मी सत्तर वर्षांचा आहे, पण सोडणार नाही, ओढून बघ हवं तर.

रडायचं असेल तर बाहेर ट्रेलरपाशी. जा. आणि दार ओढून घे, थंडी येते आत.