चार घरांत वाटलेली मोटार

माझा जलम जवळा बाजारचा. बाप लोहार, आजा लोहार, त्याच्या आधीचं कोणाला म्हाईत. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची हे आमचं काम, म्हंजी लोखंडाची गोल पट्टी शेणकुटाच्या आरात लाल करायची, तिघांनी सांडशीनं धरून लाकडाच्या चाकावर बसवायची आन वरून पाणी ओतायचं, मंग ती अशी आवळून बसती की पंधरा वर्षं हलायचं नाव न्हाई. बाजाराच्या दिवशी भट्टीपुढं गाड्यांची रांग लागायची, मला ती माणसं, ती बोलाचाली लई आवडायची, पर नशीबच तसं, काय सांगू तुम्हाला, लगीन झालं आन दोन वर्षांत बायको बाळंतपणात गेली, लेकरूबी गेलं, आन मंग मी जरा कडूच झालो. भावांशी पटंना. भांडकुदळ हाय मी, ते बी लिवा, खोटं काहून लिवायचं. येक दिवस हातोडा, ऐरण आन सांडशी घेऊन निघालो ते कुरुंद्याला येऊन राहिलो, म्हणलं येकटंच ऱ्हायचं तर कुठंबी ऱ्हाता येतंय.

कुरुंद्याला नानासाहेब देशमुख म्हणून जमीनदार व्हते, त्यांच्या गाड्यांचं काम मला लागलं. येकदा गोठ्यात गेलो तर कडब्यामागं काहीतरी पितळंचं चमकलं. बगतो तर मोटार. त्यांच्या वडलांनी कवातरी हैदराबादेहून आणलेली, दोन पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, वर कापडी छत, आन ती बिघडली तशी वीस वर्षं तिथंच उभी, मागच्या गादीत कोंबडी अंडी घालून राहिली व्हती. मी म्हणलं, मालक, हे चाक तर आपल्या गाडीच्याच चाकाचं भाऊबंद हाय, आरे बदलून देऊ का? नानासाहेब हसले, म्हणले चाक बदलून काय करतो, इंजन मेलेलं हाय. तर मी म्हणलं, आधी चाकं तर फिरू द्या.

असं ते सुरू झालं. लढाई लागायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट सांगून राहिलो. चाकं माझी झाली, बाभळीचे आरे घातले, खालचे पाटे, म्हंजी स्प्रिंगांच्या पट्ट्या, ठोकून नीट केल्या. इंजनाचं मला कळंना. तवा नानासाहेबांनी हुसेनमियाँला बोलावलं. हा मियाँ गावातलाच, उंच, वाळका, कोण्या जागीरदाराकडं पंधरा वर्षं मोटार हाकलेला, आता घरी बसून बिड्या वढायचा. आला, इंजनाला कान लावला, बंद इंजनाला कान लावला बरं का, आन म्हणला, जिंदा है. चौथे वसमतचे वकीलसाहेब, त्यांना विलायती वस्तूंचा नाद, ते सायकलीवर यायचे, खिशात मोटारीच्या चित्रांचं इंग्रजी पुस्तक, त्यातलं वाचून सांगायचे.

निजामाच्या राज्यात कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारची. म्हणून वकीलसाहेब शुक्रवारी मोकळे. मियाँची नमाज झाली की तो तिकडून यायचा, मी भट्टी विझवून जायचो, आन गोठ्यात आमचा बाजार भरायचा. गावानं नाव ठेवलं, जुम्म्याची मंडळी. हसायचे लोक. म्हणायचे, मेलेल्या म्हशीला चौघंजण दाणा घालून राहिलेत. घालू द्या म्हणलं. पहिल्या-पहिल्यांदा मियाँचा कप येगळा असायचा, कोनाड्यात ठेवलेला, मंग सगळ्यांचेच हात ग्रीसनं काळे, कपबी काळे, कोणाचा कोणता वळखू येईना, तर नानासाहेब म्हणले जाऊ द्या, प्या आता. तवापासून कप येकच झाले. आन त्या गोठ्यात मला देशमुख किसनराव म्हणायचे. भाईर किसन्या, आत किसनराव. हसू नका, येकट्या माणसाला तेवढ्यावर आठवडा काढता येतो.

येक वरीस गेलं त्यात. रेडिएटर गळायचा, म्हंजी इंजनाला गार ठेवायची पाण्याची टाकी, तिला बारीक भोकं. डाग दिले, तरी गळायचाच. मंग मियाँ म्हणला हल्दी डालो. कुरुंद्यात हळदीला काय तोटा, मूठभर पूड पाण्यात टाकली, ती भोकांत जाऊन बसली आन गळती बंद. पर पाणी तापलं की जी वाफ निघायची ती हळदीच्या वासाची, बाया म्हणायच्या, मोटारीला नवरी केली मेल्यांनी.

सुरू झाली तो दिवस सांगतो. मॅग्नेटो म्हणून येक डबी असती, मुठीपेक्षा जरा मोठी, तीच ठिणगी पाडती, तिच्याबिगर सगळं इंजन म्हंजी नुसतं लोखंड. तिला मियाँ कोणाला हात लावू द्यायचा न्हाई. ती डबी इंजनावर बसवायचा बी येक नेम असतो, केसभर इकडं-तिकडं झालं की सुरू होत न्हाई, आन मियाँला निशाणी-बिशाणी काही लागायची न्हाई, तो कानानं बसवायचा. मी म्हणलं मला शिकवा, तर म्हणला, किसनराव, नक्को, तुमकू आ गया तो मेरेकू कौन बुलाता? हसत म्हणला. त्या दिवशी त्यानं डबी बसवली, मी हँडल मारलं, येक, दोन, पाच, हात मोडायची येळ आली, आन सातव्याला ती खोकली, धूर सोडला आन लागली धडधडायला. नानासाहेबांच्या डोळ्यांत पाणी. वकीलसाहेब आपले इंग्रजीत काहीतरी वरडून राहिले. मियाँ मातर शांत, टोपी सरळ केली आन हाकायच्या जागी बसला, म्हणला, बैठो.

मंग दर शुक्रवारी फेरी. लांब न्हाई, गावाभाईरच्या वढ्यापस्तोर जायचं आन यायचं, कवा औंढ्याच्या वाटंला लागायचं. येकदा माझ्या हट्टानं जवळा बाजारला गेलो, भावांना दाखवायची व्हती की, दुसरं काय. बाजाराच्या दिवशी गेलो ही माझी चूक. भोंगा वाजला तशी बैलं उधळली, मिरच्यांची पोती फुटली, अख्खा बाजार शिंकून राहिला, आन माझा थोरला भाऊ शिंकता शिंकता मोटारीला नारळ फोडाया आला. त्या दिवशी भावाशी पाच वर्षांनी बोललो.

त्याच्यामागं वकीलसाहेबांनी बी येक मोडकी दोन माणसांची मोटार भंगारातून आणली, ती बी आमी उभी केली. लढाईत पेट्रोल मिळंनासं झालं तर महिनोन्‌महिने फेरी व्हायची न्हाई, पर मंडळी भरायची. नुसतं पितळ घासायचं. मियाँ डबी सोडायचा, पुसायचा, पुन्ना बसवायचा. सुरू करायचं न्हाईच तर काहून पुसता, म्हणलं, तर म्हणला, उसकू मालूम नहीं ना.

मंग ते गडबडीचं साल आलं. तुम्हाला म्हाईतच हाय. बंदुका घेतलेली माणसं गावोगाव फिरायची, कोणाची ते आता बोलून काय उपयोग, येक दिवस वसमतला वकीलसाहेबांच्या दारातून त्यांची ल्हान मोटार वढून नेली, ती पुन्ना दिसली न्हाई. नानासाहेब म्हणले, आता आपली बी नेतील. तवा आमी चौघांनी बसून इचार काढला, आन असा इचार मोटारीच्या नादी लागलेलीच माणसं काढतील. मोटार खोलायची. सगळी. आन चार घरांत वाटायची, म्हंजी कोण्या येका घरी मोटार सापडायचीच न्हाई. दोन शुक्रवार लागले. इंजन आन सांगाडा नानासाहेबांच्या कडब्याखाली. चाकं माझ्या भट्टीत, गाडीच्या चाकांत मिसळून गेली. दिवे आन रेडिएटर वकीलसाहेबांनी बैलगाडीतून नेले. डबी मियाँनं रुमालात बांधून घरी नेली. जो जे काम करतो त्याच्या घरी ते, असा कायदा. लई हुशार समजलो सोताला. मोटार वाचवायचा इचार केला, पर माणसंच पांगतील हा इचार येकाच्याबी डोक्यात आला न्हाई.

पावसाळ्यात नानासाहेब तापानं गेले. आठ दिवसांत. त्याच्या आधीच वकीलसाहेब बायकापोरं घेऊन हद्दीपलीकडं वाशिमला निघून गेलते. मंग भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, लोकांनी गुलाल उधळला, मी बी उधळला, का न्हाई उधळणार. पर दुसऱ्या दिवसापून गावात येगळीच कुजबूज सुरू झाली. मियाँच्या आळीत कोणी जायचं न्हाई. कोण जातो त्याच्याकडं लोक बगून राहिलेत. मियाँनं कोणाचं काय केलं व्हतं? बिडी सोडून कशाला हात लावला न्हाई त्यानं. मला हे म्हाईत व्हतं. तरी मी गेलो न्हाई. चार दिवस भट्टीचं दार लावून आत बसलो. भांडकुदळ माणूस मी, सख्ख्या भावांशी भांडलो, सावकाराशी भांडलो, आन त्या चार दिवसांत कुजबुजणाऱ्या येकालाबी तोंड वर करून बोललो न्हाई. भ्यालो. लिवा तसंच, भ्यालो म्हणून.

पाचव्या दिवशी गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणली, पहाटंच गेले नवरा-बायको, हैदराबादेला लेकीकडं. मी इचारलं माझ्यासाठी काही निरोप? ती म्हणली, किसनभाऊ, तो तीन दिवस दारात खुर्ची टाकून बसला व्हता. तेवढंच म्हणली आन आत गेली.

मंग मी काय केलं, तर मोटार जोडाया घेतली. नानासाहेबांच्या मुलाला मोटारीचं काही न्हाई, म्हणला घेऊन जा काका, कडबा ठेवाया जागा व्हईल. इंजन भट्टीत आणलं. चाकं घातली. वाशिमला जाऊन वकीलसाहेबांना भेटलो, ते आता तिथंच वकिली करतात, म्हणले रेडिएटर न्हाणीमागं पुरलाय, दिवे माळ्यावर हायेत, उकरून घे. मी म्हणलं या की येकदा, ते म्हणले येतो येतो. तसं येतो म्हणणाऱ्याच्या तोंडाकडं बगितलं की कळतंय. सगळं आणलं. दिवाळी झाली तवा मोटार उभी व्हती, पितळ घासलेलं, आन पोटात ती डबी न्हाई. लोक म्हणायचे मुंबईहून दुसरी मागव, मिळती. मी म्हणायचो बगू. मला दुसरी नकोच व्हती हो. डबी मियाँपाशी हाय म्हंजी कवा ना कवा डबी घेऊन तो येणार, आसा माझा हिसाब. कचेऱ्यांची सुट्टी आता ऐतवारी झाली म्हणतात, पर मी शुक्रवारीच भट्टी विझवायचो. बसायचो मोटारीपाशी. येकटाच.

आन गेल्या आठवड्यात वसमतच्या टेसनावरचा येक झेंडीवाला आला. हैदराबादचा हाय तो. पिशवीतून रुमाल काढला. मी रुमाल वळखला. डबी साफ केलेली, तेल लावलेलं, आन तिच्यावर लाल रंगाचा ठिपका. झेंडीवाला म्हणला, हुसेनमियाँनं सांगितलंय, पहिला पिस्टन वर आणायचा आन हा ठिपका आभाळाकडं ठेवायचा, किसनरावला बराबर बसवता येईल, आता मेरी जरूरत नहीं. तबियत ठीक हाय म्हणला. बाकी काही न्हाई.

निशाणी लावली व्हती हो त्यानं. ज्याला जलमात निशाणी लागली न्हाई त्यानं. मी तिथंच ऐरणीवर बसलो. झेंडीवाल्याला वाटलं आनंदानं रडून राहिला. लोकांनाबी वाटलं, म्हणले चला, किसन्याची मोटार पुरी झाली. मला कळलं की तो आता येत न्हाई.

बसवून बगितली. ठिपका वर केला, पेच आवळले, हँडल मारलं, दुसऱ्याला सुरू झाली. केसाचा फरक न्हाई. कधी नव्हं इतकी गोड चालली. जरा येळ आयकली आन बंद केली, कुठं जाणार येकटा.

तो झेंडीवाला परवाच्या गाडीनं हैदराबादेला चाललाय. काल वसमतला जाऊन त्याला भेटून आलो. म्हणलं, मियाँला सांग, ठिपका वर धरला, समदं केलं, पर डबी बसत न्हाई. सुरूच होत न्हाई म्हणावं. किसनरावला जमत न्हाई, तुम्हालाच यावं लागंल. आन हे बी सांग, म्हणलं, टेसनावर मी सोता न्यायला येतो, दिवसाउजेडी, गावातून मधल्या रस्त्यानं घेऊन जातो, कोण काय बोलतो बगतोच.

त्याला कळंल ना खोटं हाय ते. कळंलच, ठिपका त्याच्याच हातचा. औंढ्याचा नागनाथ त्याला सुखी ठेवो, लेकीकडं ठेवो का कुठंबी ठेवो. पर झेंडीवाल्याकडून मी दोनदा वदवून घेतलं, काय सांगणार ते म्हण म्हणलं. म्हणला त्यानं बराबर. बसत न्हाई, या.