धाकूतात्यांची गूळतुला

मंडळी, ऐका! आज एक प्रश्न घेऊन उभा आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत कुणी उठायचं नाही. खांबाला टेकून बसलेल्यांनीही नाही! प्रश्न असा: माणसाला भूक लागते, ती त्याची खोड, की त्याला मिळालेलं दान?

हसू नका. ज्यांनी या आठवड्यात वजन उतरवायचा निश्चय केलाय त्यांनी तर मुळीच हसू नये. पहिल्या चार दिवसांत त्यांची काय अवस्था होते ते मी पाहिलंय. माणूस कॅलेंडरवरचा लाडवांचा फोटोसुद्धा भक्तिभावाने बघतो!

तर फणसोळे नावाचं गाव. तिथे धाकोजी नार्वेकर नावाचे गृहस्थ. गाव त्यांना धाकूतात्या म्हणे. वजन अठ्ठ्याण्णव किलो. स्वभाव त्याहून मऊ.

तेवीस वर्षांपूर्वी या तात्यांना कावीळ झाली. अशी झाली, अशी झाली — माणूस कोण आणि हळकुंड कोण, ओळखू येईना! वजन उतरून एकोणपन्नासवर आलं. तेव्हा त्यांच्या पत्नी शेवंतीकाकू भर दुपारी एकट्या जाकादेवीच्या देवळात गेल्या आणि नवस बोलल्या. आता आमच्याकडे नवस मनातल्या मनात बोलत नाहीत बरं का! गुरव देवीपुढे उभा राहतो, तुमचं म्हणणं मोठ्याने देवीच्या कानावर घालतो. त्याला गाऱ्हाणं म्हणायचं. जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. पण त्या दुपारी देवळात जमलेले कोण? एक बाळा गुरव आणि एक मांजर. मांजराने दुजोरा दिला की नाही, कळायला मार्ग नाही.

तात्यांना एवढंच ठाऊक, की नवस त्यांच्या वजनाइतक्या गुळाचा. तराजूच्या एका पारड्यात तात्या, दुसऱ्यात गूळ. तुला!

तात्या बरे झाले. पण तुला काही होईना! एका वर्षी घराचं छप्पर उडालं. एका वर्षी मुलाचं लग्न. एका वर्षी गूळ आला, तराजू आला, आणि तात्याच कुणाच्या तरी बारशाला गेले. शेवंतीकाकू दरवेळी म्हणायच्या, "पुढल्या चैत्रात नक्की." आणि म्हणता म्हणता तात्यांना वाढायच्या. वर्षं गेली, तात्या वाढत गेले. उशिराचा फायदा देवीला होतोय, असा जगातला हा एकमेव नवस!

आणि मग, मंडळी, गेल्या मार्गशीर्षात शेवंतीकाकू गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी नाहीत. तुला राहिलीच.

तात्यांनी ठरवलं — या चैत्री पुनवेला देवीच्या जत्रेत तुला करायचीच. गावाला आनंद झाला. का नाही होणार? अठ्ठ्याण्णव किलो गूळ म्हणजे घरटी ढेप! लोक येता-जाता तात्यांच्या पोटाकडे आदराने बघू लागले. एकाने तर आपल्या पाहुण्याला लांबून दाखवलं, "ते बघ, आमचा प्रसाद चाललाय."

त्याच आठवड्यात तात्या गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुलगी तरुण, पण कडक. तिने तपासलं आणि म्हणाली, "तात्या, वजन उतरवायला हवं. रोजचा भात एक वाटी कमी करा. घाई नको."

तात्यांनी विचारलं, "तीन आठवड्यांत एकोणपन्नास होईन?"

ती खळखळून हसली. तिला वाटलं, आजोबा विनोदी आहेत.

तात्या विनोद करत नव्हते! घरी आले आणि सुनेला म्हणाले, "सुप्रिया, उद्यापासून मला अर्धी वाटी पेज. बाकी काही नको."

"अहो तात्या, डॉक्टरांनी एक वाटी कमी सांगितलीय. तुम्ही एक वाटीसुद्धा ठेवत नाही!"

"तुला कळायचं नाही पोरी. तुझ्या सासूने देवीकडे मागितला तो एकोणपन्नास किलोचा माणूस. त्याच्यासाठी तिने पदर पसरला. हे वरचे एकोणपन्नास कोण? यांच्यासाठी कोण रडलंय? मला तिने मागितलेला माणूस होऊन तराजूत बसायचंय. तिने वरून बघितलं तर ओळखायला नको?"

सुप्रियाने पेज चढवली.

पहिला दिवस. सकाळी अभिमान, दुपारी डोकेदुखी. डोकं असं ठणकायला लागलं, जसं कुणी आत बसून नारळ सोलतंय! संध्याकाळी तात्या कपाळाला रुमाल बांधून बसले. लोक भेटायला आले ते मोकळ्या हातांनी नाही. कुणी घावन आणले, कुणी फणसाची सांदणं. "तात्या, खा हो! देवीच्या वाटचं कमी करू नका!" एवढा निःस्वार्थी गाव तुम्ही पाहिलाय?

दुसरा दिवस. फाल्गुनातल्या उन्हात तात्यांना हुडहुडी! हात थरथरतात, जीव चिडचिडतो. आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नाही असा माणूस कोंबडीवर खेकसला, "एवढं काय टिपतेस गं सारखं?" कोंबडी दुखावली.

आणि दुपारी, डोळा लागतो न लागतो, तोच कुळथाच्या पिठीचा वास. लसणीची फोडणी, वर आमसुलाचा आंबूस वाफारा. तात्या उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. चूल थंड. सुप्रिया मागल्या दारी धुणं धूत होती. पिठी कुणीच केली नव्हती! तात्या तिथेच उंबऱ्यावर बसले. समोरच्या पाटावर बसून त्यांची शेवंती वाढायची. पळी वर धरून विचारायची, "घालू?" आणि उत्तराची वाट न बघता घालायची. भूक पोटात लागली होती, मंडळी, पण दुखत होतं ते भलतीकडेच.

आता तुम्ही म्हणाल, माणूस कमी खातोय, संयम करतोय, यात वाईट काय? ऐका! जास्त खाण्याची हाव असते, तशी कमी खाण्याचीही असते! वैद्य सांगतो वाटीभर सोड, हा पातेलं सोडतो. शेजाऱ्याने एक एकादशी धरली की हा दोन धरतो, आणि महिन्यात दोनच येतात म्हणून पंचांगावर रुसतो! देह म्हणजे काय भाड्याची सायकल आहे, हवी तशी पिटाळायला?

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळा गुरव तुलेचा तराजू दाखवायला अंगणात आला. तात्या ओटीवरून उठले, दोन पायऱ्या उतरले, आणि डोळ्यांपुढे अंधारी. अठ्ठ्याण्णव किलो, बसल्यासारखे, सरळ खाली! सुप्रिया धावली, गुरव धावला, शेजारचा बाबी स्कूटर काढून डॉक्टरीणबाईंना घेऊन आला.

तिने नाडी बघितली, रक्तदाब बघितला, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. जरा रंग आल्यावर म्हणाली, "काय खाल्लंत तीन दिवसांत?"

सुप्रियाने सांगितलं.

"तात्या! एवढं एकदम तोडलं की डोकं दुखणार, चक्कर येणार, थरथर सुटणार! मी जेवण कमी करायला सांगितलं, बंद करायला नाही. आणि असं काही वाटलं की मला सांगायचं, पडेपर्यंत थांबायचं नाही."

तात्या म्हणाले, "हे जेवणाचं नाही, बाई. देवीचा कोप आहे. तेवीस वर्षं तुला राहिली. आता मी वजन चोरायला लागलो." आणि गुरवाकडे वळून, "बाळा, गाऱ्हाणं घाल रे. सांग तिला, शेवंतीने माझा जीव मागितला होता, तेवढाच माणूस देऊन टाकतोय. जादा झालेला नाही."

बाळा गुरवाने हातातली तराजूची साखळी खाली ठेवली. मग म्हणाला, "धाकोजी, नवसाचे शब्द फेडायच्या दिवशी, तराजूपुढे सांगायचे असतात. आधी सांगायची रीत नाही. पण तू जत्रेपर्यंत टिकशील असं काही मला दिसत नाही. म्हणून सांगतो. शेवंती जीव मागायला आलीच नव्हती."

"मग?"

"म्हणाली, बाळा, ते जगतील, मोठे डॉक्टर म्हणालेत. पण चौदा दिवस झाले, ताट बघितलं की तोंड फिरवतात. मी केलेलं काहीसुद्धा नको म्हणतात. घरात स्वयंपाक करते आणि एकटी बसते. देवीला सांग, ह्यांना भूक लागू दे. पहिल्यासारखी 'शेवंते, भूक लागलीय' अशी हाक येऊ दे. बाकी मला काही नको."

डॉक्टरीणबाईंच्या हातातला पेला तसाच हातात.

तात्या हळूच सावरून बसले. मग दोन्ही हात स्वतःच्या पोटावर ठेवले. जसा आपण लेकराच्या डोक्यावर ठेवतो ना, तसे. म्हणाले, "म्हणजे हे तिचं मागणं होय? आणि मी तीन दिवस त्याच्याशीच भांडतोय?"

त्या दिवसापासून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सुरू झालं. भात एक वाटी कमी, भाजी जास्त, पाणी भरपूर, सकाळी देवळापर्यंत फेरी. भूक लागायचीच! अकरा वाजले की लागायची. पण आता तात्या चिडायचे नाहीत. ओटीवर बसून राहायचे थोडा वेळ, तिच्याबरोबर. जेवणाच्या वेळेला उठून मापाचं जेवायचे. पोटात थोडी जागा उरायची. ती जागा त्यांनी पुन्हा कधी भरली नाही, आणि ती रिकामीही नव्हती.

चैत्री पुनवेला तुला झाली. सत्त्याण्णव किलो! गर्दीतून एकजण ओरडला, "एक किलो कुठं गेलं हो?" गुरवाने त्याला डोळ्यांनीच बसवलं. ढेपा चढल्या, पारडं उचललं, तात्या अधांतरी. गुरव गाऱ्हाण्याला उभा राहिला. "धाकोजी, देवीला काय सांगू?"

तात्यांनी गुरवाकडे बघितलंच नाही. वर बघितलं, आणि अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल अशी हाक मारली, "शेवंते! भूक लागलीय गं!"

आणि सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. वजन उतरवा. जरूर उतरवा, गुडघे तुमचेच आहेत. पण हळू उतरवा, विचारून उतरवा, आणि डोकं गरगरलं तर शौर्य दाखवू नका. एवढं तर डॉक्टरही सांगतील. मी दुसरं सांगतो. आज तुम्हाला भूक लागते, तर कधीतरी, तुम्ही तापात पडला होतात किंवा पाळण्यात होतात तेव्हा, कुणीतरी ताट घेऊन तुमच्यासमोर बसलं होतं, आणि तुम्ही तोंड फिरवल्यावर त्या माणसाने स्वतःचंही ताट बाजूला सारलं होतं. ते माणूस घरी असेल तर आज जाऊन त्याच्याजवळ बसा, आणि "जेवायला वाढ" असं हक्काने म्हणा. आणि नसेल, तर पहिला घास हातात घेऊन क्षणभर थांबा. एवढी भूक राहू द्या. ती त्यांची आहे.