मोजणीवाल्याचा माड

अठरा वर्षं जमीन मोजली आणि मग मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायला लागलो, तेव्हाची गोष्ट. पहिलंच काम होतं माडावर चढून बसलेल्या माकडाचं. मी आमच्याच गावाचं, मसुऱ्याचं, चित्र काढलं. घरं, विहीर, बांध, सगळं मापात. संपादक बाईंचा फोन आला. "अहो, हा नकाशा झाला! आठवड्यात बदला, नाहीतर दुसऱ्याला देते. तुम्ही कोणाची चित्रं बघता?"

मी कोणाचीच बघत नव्हतो. म्हणून गावातल्या भिकूतात्यांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात गेलो. मूर्तीचे डोळे रंगवावेत तर त्यांनीच. माझं चित्र बघून तात्या भडकले. "माझो माड शेजाऱ्याच्या हद्दीत कित्या दाखवलस?" या माडावरून त्यांचं कित्येक वर्षं भांडण.

"तात्या, गोष्टीतला गाव आहे."

"मगे वरसून कित्या बघतस? तू काय घार?"

तिथेच बसून त्यांचं काम बघत राहिलो. मूर्ती उंच पाटावर. एक डोळा रंगवला की तात्या खाली जमिनीवर मांडी घालून तिच्याकडे बघायचे. मी कारण विचारलं.

"पोरां खालसूनच बघतली. देवान तेंच्याकडे बघूक होया."

घरी आलो, अंगणात उताणा पडलो आणि माड काढला. खोड आभाळात गेलेलं, झावळ्यांतून माकडाची नुसती शेपटी. ते चित्र तात्यांना नेऊन दाखवलं.

"ह्यो माड कोणाचो?"

"खालून हद्द दिसत नाही, तात्या."

"बरां झाला. पयल्यांदाच मोजणीवाल्यान भांडण मिटवल्यान!"