मुंजाजीचं लांब भिंग आन् मालनच्या अक्षता

…न्हाई, तुमीच सांगा बाई, ज्या मानसाला बाजारात भेंडी निवडता येत न्हाई, जून कोणती न् कवळी कोणती ते कळत न्हाई, त्यानं माज्या लेकीच्या लग्नासाठी कॅमेऱ्याचं भिंग निवडायला जावं? आन् म्या जाऊ द्यावं? सख्खा भाऊ हाय म्हणून गप ऱ्हायले, तुमाला सांगते, दुसरा कुणी असता तर त्याच्या गळ्यातला कॅमेरा काढून म्हशीच्या गळ्यात बांधला असता.

मला काय पायजे व्हतं? एक फोटू. मालनच्या डोक्यावर अक्षता पडतानाचा. बास.

आता म्हणताल, केशरबाई, एका फोटूपायी एवढी आगपाखड कामून? तर तुमाला आपली रीत ठावं हाय. लेकीच्या मायनं अक्षता बगू न्हाई. तिकडं मांडवात मंगलाष्टकं चालू, आख्खं गाव बगायलंय, व्याही बगायलेत, बँडवाले बगायलेत, पत्रावळ्या उचलायला आलेली मानसं सुद्दा हातातलं काम टाकून बगायलीत, आन् जिनं पोटात वागवलं, जिनं गोवरात उशाशी बसून रात्री काढल्या, तिनं काय करायचं? मांडवाकडं पाठ करून तुळशीला पाणी घालायचं! थोरलीच्या वक्ताला घातलंच की. लाऊडस्पीकरवर 'सावधान' ऐकलं, बँड ऐकला, झालं माज्या लेकीचं लगीन. म्हन्लं चला, फोटूत बगू. फोटू आले तर त्यात निस्त्या पाहुण्याच्या टोप्या, आन् टोप्याच्या पल्याड बाशिंगाचं टोक. आता मालन धाकटी, शेंडेफळ. हिच्यामागं तिसरी लेक न्हाई मला.

म्हणून म्या मुंजाजीला म्हन्लं, तुज्याकडं कॅमेरा हाय, तूच काढ बाबा. माजा भाऊ मुंजाजी परभणीला कचेरीत कारकून हाय, आन् सायबाचा जुना कॅमेरा त्यानं घेतलाय, तवापासून तो कुणाच्या तोंडाकडं सरळ बगतच न्हाई, एक डोळा मिटूनच बगतो. त्यानं छातीवर हात ठेवला, म्हन्ला, "आक्का, तू फिकीरच करू नको. फक्त भिंग तेवढं नीट निवडावं लागंल. समदा खेळ भिंगाचा असतो."

म्या इचारलं, कॅमेऱ्याला हाय की भिंग. तर म्हन्ला, "ते साधं हाय." मंग साध्यानं काढ की! "साध्यानं कुणीबी काढतंय आक्का."

झालं. निघाला भिंग बगायला. मालनला स्थळ बगतानी एवढा फिरला न्हाई. सेलूला गेला, तिथला स्टुडिओवाला म्हन्ला, "साहेब, मांडवात जागा कमी, मानसं जास्त, तुमी रुंद लेन्स घ्या, आख्खी भावकी मावंल." हा 'बरं' म्हणून उठला आन् परभणीच्या एका फोटूवाल्या चाचाकडं गेला. चाचा म्हन्ले, "अरे भई, शादी में तो लंबी लेन्स होना. दूर से मारो, नजदीक का दिखे." दोघाचं पटंना, म्हणून तिसऱ्याला इचारायला औरंगाबाद गाठायचं ठरलं, तर विद्यापीठाच्या नामांतरापायी बंद, एस्टी जाग्यावर उभी. मला वाटलं, सुटले. कशाची सुटते! रेल्वेनं गेला.

आन् शेवटी तिन्ही भिंगं घेऊन माज्या दारात आला. एक आपलं, दोन मागून आणलेली. मला भर उन्हात उभी केली. मी हितं लग्नाच्या पापडाचं पीठ मळायलेय, हात कोपरापस्तोर पिठात, आन् हा म्हन्तो, "आक्का, हालू नको." रुंद भिंगातून बगितलं आन् मान हालवली, "ह्यात कडंचा माणूस जाडा दिसतो." आमचे मालक बाजंवर बसलेले, ते म्हन्ले, "मंग तुज्या बहिणीला मधी उभी कर." दोघंबी हासले. म्या पीठ मळलं.

मंग लांबोडं भिंग लावलं. नांगराच्या लांब दांडीवाणी म्होरं आलेलं. डोळ्याला लावलं आन् वरडला, "आक्का, हितून मारुतीच्या देवळातली घंटी दिसायली!" मालक म्हन्ले, "लगीन काय देवळात लावायचंय?" पर त्याला कुटं ऐकू येतंय? त्यानं तिथंच ठरवलं. मांडवाच्या कडंला बैलगाडी उभी करायची, गाडीवर आपन उभं ऱ्हायचं, मानसाच्या टोप्यावरून नेम धरायचा. "मालनच्या डोळ्यातलं काजळ दिसंल आक्का, अक्षतांचा दाणा न् दाणा मोजून घे." खरं सांगते, त्या वक्ताला माजं काळीज हाललं. म्या त्याला तूप-पोळी वाढली. काय पायजे व्हतं मला? एक फोटू. म्हन्लं, येतोय आता.

लग्नाचा दिवस आला. सकाळपासून ह्याचं चालू. हळदीला नवरदेवाचं निस्तं नाक काढलं. विहिणीचा फोटू काढला तर अर्धीच मावली, ती म्हन्ली पुरी काढा, हा मागं सरकत सरकत गोठ्यात गेला तरी ती पुरी मावंना. म्हन्लं, काढ बाबा कुणाचं नाक न् कुणाचे कान, माजा तेवढा ठेव.

नवरदेव मारुतीला जाऊन आला, मानसं मांडवात दाटली. मुंजाजी गाडीवर चढला, पाय फाकून उभा, डोळा भिंगाला. मी तांब्या घेऊन तुळशीपाशी गेले. मांडव घराच्या म्होरं, तुळस कडंच्या अंगणात, मधी कनात, आन् कनातीला जाया-यायला एक फट. आन् लाऊडस्पीकरवर भटजी म्हन्ले, "नवरीचे मामा कुठं आहेत? मामांनी नवरीच्या पाठीमागं उभं राहावं."

मामा कुठं हाय? मामा गाडीवर हाय!

बाई, ह्या मानसानं भिंग निवडलं, गाडी निवडली, गाडी उभी करायची जागा निवडली, फक्त आपन नवरीचा मामा हाय, हे इसरला! तुमी म्हणताल, व्हतं एखांद्या वक्ती. अवो, थोरलीच्या लग्नात हाच उभा व्हता की मागं! आन् ह्यालाच कामून नावं ठेवू, मला तरी सुचलं का? मालकाला सुचलं का? आख्ख्या गावाला ठावं की मामा मागं उभा ऱ्हातो, आन् आख्खं गाव गाडीवरच्या मामाकडं बगून म्हणायलंय, वा, काय जागा धरली!

भटजीनं दुसऱ्यांदा पुकारलं. मुंजाजी उतरला, समोर दिसले थोरले जावई सूर्यभान, त्यांच्या गळ्यात कॅमेरा घातला आन् म्हन्ला, "जावईबापू, हितं डोळा, हितं बोट. चढा गाडीवर." आता जावई गाडीवर चढतो का? आहेराचे नवे कपडे, डोक्याला फेटा, ते म्हन्ले, "मी हितूनच काढतो." हितून म्हंजे खालून. आन् खालून त्या लांबोड्या भिंगात काय दिसणार? टोपी. निस्ती टोपी, पर एवढी मोठी! ते मागं सरकले. दोन टोप्या. आनखी मागं सरकले. हे समदं मला मागून कळलं बरं का, मी तर पाठ करून पाणी घालायलेय. तांब्या रिता झाला, भरला, रिता झाला. भटजी शेवटच्या मंगलाष्टकाला आले. आन् मालनचा खोकला ऐकू आला मला. लहानपणापासून तिला धुपाचा खोकला येतो. लाऊडस्पीकरात, एवढ्या गलक्यात, माज्या लेकीचा खोकला.

मंग म्या म्हन्लं, मरू दे ती रीत. एकडाव बगते. दोनच लेकी दिल्या देवानं, दोघींच्या लग्नात ह्या तुळशीची पानंच बगू का? वळले. 'सावधान' झालं आन् मी त्या फटीकडं गर्रकन वळले, तर फटीत कोण? जावई! सरकत सरकत पार फटीत येऊन उभे. मांडवात टोप्याबिगर काय दिसंना म्हणून तेबी त्याच घडीला वळलेले, माज्याकडं तोंड करून, डोळा भिंगाला. फट समदी फेट्यानं भरलेली. खट्ट झालं. म्हन्ले, "सासूबाई, तुमी मात्र लय साफ दिसायल्या."

मांडवात बँड वाजला.

फोटू आले. एकच धड आलाय. पदर सरकलेला, तांब्या तिरपा, पाणी पायावर सांडायलंय, आन् माजे डोळे हे एवढे वटारलेले, मांडवाकडं. मुंजाजीनं तो मोठा करून आणला, म्हन्तो, "आक्का, भिंग बग, पापणी न् पापणी मोजून घे." जावयाला बोलता येत न्हाई. मुंजाजीला बोलून काय उपेग? आन् फोटू विहिणीनं बगितला, भावकीनं बगितला. परवा विहीण म्हन्ली, "कुटं असं असतंय का बाई, माय असून लेकीच्या अक्षता बगितल्या." आता तेच समद्या गावाच्या तोंडी हाय, केशरबाईनं बगितलं, केशरबाईनं बगितलं. काय सांगू त्यान्ला? जल्मात एकडाव रीत मोडली, बाई, आन् बगितलं काय, तर जावयाच्या डोळ्याला लावलेलं भिंग.