तिसरं कडवं

आयाबहिणींनो, दादांनो, विहारात जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनो. माइक जरा खाली घेतो. आयुष्यभर दुसऱ्यांना माइक जोडून दिला, स्वतः त्याच्यापुढं उभं राहायची वेळ कधी आली नाही. आज आली, तीही कौसामावशीच्या शोकसभेत. कुठून सुरुवात करावी, खरंच कळत नाही.

ओळखत नसाल तर सांगतो. केजला माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय हो, एक खोली, भिंतीला अंड्याचे ट्रे अन् एक कॉम्प्युटर. त्या खोलीत मावशीनं भीमजयंतीची कितीतरी गाणी गायली. आत्तापर्यंत सगळे तिच्या आवाजाबद्दल चांगलं बोलले. मला चांगलं बोलायचा हक्क नाही. मी कबुली द्यायला आलोय.

मावशी शाळेत गेली नव्हती, पण माझ्या मशीनमधलं एक बटन तिनं विचारल्याशिवाय सोडलं नाही. हे काय, ते काय. मी सांगितलं, याला रिव्हर्ब म्हणतात, आवाज घुमवतं. ती म्हणाली, म्हणजे आमचा आड की. वाकून हाक मार, असंच येतं, अन् औंदा तर आड कोरडा, लई घुमतंय. तेव्हापासून रिव्हर्बचं नाव आड. डिलेमध्ये तोच शब्द मागून पुन्हा पुन्हा येतो, त्याचं नाव डोंगर. कंप्रेसर समजावला, की जो आवाज लई वर चढतो त्याला हा दाबतो, सगळ्यांना एका पातळीत आणतो. मावशी म्हणाली, "सासू हाय म्हण की." बेसूर आवाज सुरात ओढणारा ऑटोट्यून तिनं एकदाच ऐकला. ही कुबडी मला नगं म्हणाली, माझे पाय शाबूत हायत.

एकदा मी तिच्या दोन ओळींमधले श्वास पुसून टाकले. आमच्यात तशी पद्धतच आहे, गाणं स्वच्छ वाटतं. तिनं ऐकलं, कपाळाला आठ्या. "श्वासच काढलास व्हय रं? मग ही बाई जित्ती हाय का मेलेली?" मी गुपचूप सगळे श्वास परत ठेवले. त्यानंतर तिचा श्वास कधी काढला नाही. तिच्या बाबतीत एवढी एकच गोष्ट मी नीट केली.

तो दुष्काळ तुम्हाला आठवतो. निम्म्या गावाची जनावरं दूध संस्थेच्या चारा छावणीत, बायका तिथंच दावणीपाशी राहायच्या. त्यातच संस्थेची निवडणूक लागली. अध्यक्षांना प्रचाराचं गाणं पाहिजे होतं. मावशी संस्थेची सभासद, तिची म्हैस छावणीत. ती म्हणाली गाते, पण बरं तेही गाईन अन् वाईट तेही गाईन. तीन कडवी गायली. पहिली दोन कौतुकाची, डोक्यावर दुधाच्या किटल्या वाहून बायांनी संस्था कशी उभी केली त्याची. तिसऱ्यात तिनं विचारलं,

गाडी चाऱ्याची आली, छावणीला न्हाई थांबली,
सांगा बाई कुणाच्या गोठ्याला जाऊन लागली?

अध्यक्ष स्टुडिओत आले. ऐकलं. म्हणाले, शेवटचं काढ. त्यांचं नाव मी घेणार नाही. कारण बोट त्यांचं नव्हतं, माझं होतं. माझ्या स्टुडिओची खोली त्यांच्या मालकीची होती, हे खरं. पण ते कारण मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय, की आता माझं मलाच पटत नाही. तिसऱ्या कडव्यावर म्यूट दाबलं. दुसऱ्याचा लूप केला, म्हणजे तेच कौतुक पुन्हा एकदा. गाणं तयार.

रिक्षावर भोंगे बांधून ते गाणं फिरलं. युसूफ वडगावच्या बाजारात मी स्वतः ऐकलं. छावणीतल्या बायांनीही ऐकलं. वैरण टाकता टाकता मावशीनं तिसरं कडवं जुळवलं, ते त्यांच्यासमोरच की. मग काय म्हणणार त्या? कौसा इकली गेली, म्हणाल्या. तिच्याशेजारी बसायच्या बंद झाल्या. त्यातल्या काही जणी आज इथं बसल्यात. तुमचा दोष नाही, आयांनो. तुम्ही जे ऐकलं त्यावरून बोललात. जे ऐकू आलं नाही, ते मी लपवलं होतं.

मावशी माझ्याकडं आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. दारात उभं राहून एवढंच विचारलं, "तिसरं कडवं कुठं गेलं रं?"

मी म्हणालो, मावशी, फाइल खराब झाली. मशीन आहे, होतं कधी कधी.

अन् तिनं विश्वास ठेवला. अध्यक्षांच्या शब्दावर कधी न ठेवणाऱ्या बाईनं माझ्या शब्दावर ठेवला. वर मलाच म्हणाली, जिवाला लावून घेऊ नगंस. गावभर सांगत सुटली, पोराची मशीन बिघडली, त्याची काय चूक. लोक हसले. पुढच्या जयंतीला तिच्या हातात कुणी माइक दिला नाही. ती मागं, कोरसमध्ये उभी राहिली. त्या मिरवणुकीचा साउंड माझाच होता. मी बघितलं अन् वायर गुंडाळत बसलो.

त्यानंतर जिथं भेटेल तिथं, बाजारात असो का दवाखान्यात, विचारायची, "सापडलं का रं?" मी म्हणायचो, न्हाई मावशी. गेल्या महिन्यात तिच्या लेकीनं, संगीताताईंनी फोन केला, आई आठवण काढतीय. ठरवून गेलतो, आज सांगायचंच. खाटेजवळ बसलो. तिनं विचारलं. मी पुन्हा न्हाई म्हणालो. मरणाच्या दारातल्या बाईशी खोटं बोललो मी. कावून? भ्यालो, दुसरं काय.

म्यूट केलेलं पुसलं जात नाही, दादांनो. ते तिथंच असतं, फक्त वाजत नाही. मधल्या काळात मी दोनदा कॉम्प्युटर बदलला, दोन्ही वेळा ते गाणं जपून नव्यात घेतलं. पुसायची हिंमत नव्हती अन् वाजवायचीही नव्हती. आज सकाळी एक बटन दाबलं. एवढंच काम होतं, तिच्या जिवंतपणी करायचं.

संगीताताई, आधी घरी येऊन तुम्हाला विचारायला हवं होतं. आता सगळ्यांसमोर विचारतो. हे कडवं इथं वाजवू का? तुम्ही नको म्हणालात तर लॅपटॉप बंद करून खाली बसतो.

बरं. मान हलवलीत, तेवढं पुष्कळ झालं.

तर मग उठा सगळे. दोन मिनिटं शांत उभं राहू. मी तिला किती वर्षं गप्प ठेवलं, त्यापुढं दोन मिनिटं काहीच नाहीत. मग मी गाणं लावतो. त्याला आड नाही, डोंगर नाही, सासू नाही, नुसता आवाज आहे. कडव्याच्या आधी मावशीचा एक श्वास ऐकू येईल. तो तसाच ठेवलाय.

मावशी, ते हरवलंच नव्हतं. जय भीम.