तीन दिवस पेज

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि मठाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय तात्यासाहेब, व्यासपीठावर बसलेले विश्वस्त, मठाचे महाराज, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदा सोडून आलो त्या सत्कारमूर्ती मनकर्णाबाई, त्यांच्या कन्या द्वारकाबाई, पहिल्या रांगेत बसलेले आमचे गिरणीवाले गयासभाई, अन्नछत्रात भाज्या चिरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माता-भगिनी, आणि मागं उभे असलेले सगळे बंधू हो, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. जास्त लागतील. तात्यासाहेबांनी घंटी वाजवली तरी मी थांबणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वयाच्या बहात्तराव्या वर्षी माणसाला एवढी मुभा असावी.

माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक म्हणाले, काकासाहेब म्हणजे अन्नछत्राचे थोर दाते आणि जुने सेवेकरी. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या मी घेतल्या, कारण घ्यायची सवय आहे. लासूर स्टेशनला माझी धान्याची आडत होती. आता आडत मुलं बघतात आणि मी पुंडलिकनगरात राहतो. रोज सकाळी साडेदहाला सिटी बस धरून स्टेशनजवळच्या आपल्या अन्नछत्रात येतो आणि पंगतीत पाणी वाढतो. फक्त पाणी. नवी पोरं मला पाणीवाले काका म्हणतात. कधी कोणी म्हणतं, काका, आज भात घ्या की वाढायला, माणूस कमी आहे. मी म्हणतो, माझा हात थरथरतो. हात काही थरथरत नाही. तांब्या भरलेला असतो, थेंब सांडत नाही. आजपर्यंत कोणी विचारलं नाही की भाताला थरथरणारा हात पाण्याला कसा थरथरत नाही?

बाईंबद्दल बोलायचं आहे. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी बाई इथं आल्या. नवरा मठात आचारी. त्या वेळच्या महाराजांनी चूल पेटवली होती ती गावोगावचे उठलेले लोक शहरात येत होते म्हणून. त्यात हिंदूही होते आणि मुसलमानही. महाराज म्हणत, भुकेला आला की पान मांडा, बाकी चौकशा देवावर सोडा. नवरा वारला, पदरात द्वारका, आणि पळी बाईंच्या हातात आली. ती गेल्या आठवड्यापर्यंत हातात होती.

अन्नछत्र म्हटलं की लोकांना दाते दिसतात. दाते दिसायलाच हवेत, त्यांच्यावाचून डाळ शिजत नाही. पण माझं एक निरीक्षण आहे, रागावू नका. आपण तिथी धरतो. आईची पुण्यतिथी, नातवाचा वाढदिवस. फळ्यावर खडूनं नाव लिहितात, 'आजचे अन्नदाते'. मग आपण सहकुटुंब येतो, एक पंगत वाढतो, फोटो काढतो आणि जातो. कांदा चिरायला किती जण थांबतात? मोठी पातेली घासायला? भुकेल्याला आपली जेवढी गरज असते त्याहून आपल्याला त्याची जास्त असते, असं मला कधी कधी वाटतं. दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ. इथं बसलेल्या निम्म्या लोकांनी तो पाहिला आहे. मिलो ज्वारीची लाल भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं. जनावरं आधी गेली, मग माणसं रस्त्याला लागली. करमाडकडून पायी यायची, लासूरकडून रेल्वेनं. स्टेशनवर उतरून अन्नछत्राच्या दारात बसायची. बसायची म्हणजे कोसळायची.

बाईंची एक रीत होती. नवीन आलेल्या माणसाच्या पायावर, घोट्याच्या वर, त्या अंगठा दाबायच्या. अंगठा काढल्यावर मांसात खड्डा तसाच राहिला, तर ती उपासाची सूज; त्या माणसाला पंगतीत बसू द्यायचं नाही. त्याला भिंतीकडेला बसवायचं. तिथं तीन दिवस फक्त पेज. ज्वारीच्या कण्यांची किंवा तांदळाची, चिमूटभर मीठ घालून, वाटीभरच, पण दिवसातून पाच-सहा वेळा. चौथ्या दिवशी कुस्करलेली भाकरी. मग पंगत. लोक रडायचे, शिव्या द्यायचे. समोर दुसरे भात खातायत आणि आम्हाला पाणी पाजता? बाई ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा वाटीभर पेज द्यायच्या. हे त्यांना त्यांच्या आजीनं शिकवलं होतं. आजीनं आधीचा कुठला तरी दुष्काळ काढला होता. भिंतीची पंगत, असं आम्ही तिला म्हणायचो.

त्र्याहत्तरचा माघ महिना. माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. दुष्काळात ज्याच्या कोठीत धान्य त्याला मान, आणि माझ्या कोठीत धान्य होतं. ते कसं होतं हे विचारू नका. मी तिथी धरली. पुऱ्या, मसालेभात, वरण, वर तुपाची धार आणि बुंदीचे लाडू. शहरात बोलबाला झाला. तीनशे पान उठलं. मी धोतर नेसून, गंध लावून स्वतः वाढत होतो. वाढता वाढता भिंतीकडं पोहोचलो. तिथं सात-आठ माणसं वाटीत पेज घेऊन बसलेली.

मला ते बरं दिसलं नाही. फळ्यावर माझ्या बापाचं नाव आणि माणसं पेज पितायत? मी बाईंना हाक मारली. बाई चुलीवरून आल्या, हाताला पीठ. म्हणाल्या, "मालक, यास्नी नका वाढू. कालच आलेत. यांच्या पोटाला अजून सोसायचं नाय."

मी म्हणालो, "बाई, तुम्ही पुऱ्यांकडं बघा. माझ्या वडिलांच्या नावानं आज कोणी पेज पिणार नाही."

त्या हलल्या नाहीत. तेव्हा मी आवाज चढवला. चारचौघांत म्हणालो, "जेवण माझं की तुमचं?" बाई आत गेल्या.

भिंतीकडेला पुंजाराम नावाचा माणूस होता, शेजारी त्याची बायको सरूबाई. खडीच्या कामावर तापानं पडला, हजेरी बंद झाली, मग पंधरा-वीस दिवस पाल्यावर काढलेले. हे मला नंतर कळलं. मी त्याच्या पुढ्यात पान मांडलं. सरूबाईनं दोन्ही हात पानावर आडवे धरले. म्हणाली, "नगं. बाई नाय म्हणलीय." पुंजाराम मात्र खायला लागला. दोन लाडू खाल्ले, पुऱ्या खाल्ल्या, आणि मग त्यानंही हात आडवा केला. "बास मालक."

मंडळी, आपल्यात आग्रह केला नाही तर ते जेवण कसलं? पाहुण्यानं नको म्हणावं आणि यजमानानं वाढावं, याच रीतीत आपण लहानाचे मोठे झालो. मी लाडू हातात धरला आणि म्हणालो, "माझ्या बापाचा आत्मा तृप्त व्हावा असं वाटत असंल तर एवढा एक घ्या." आता मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेला घास कोण नाकारणार? त्यानं घेतला. मी आणखी एक ठेवला. असे तीन. तो खाताना माझ्याकडं बघत होता, आणि मला वाटलं, किती समाधान आहे याच्या तोंडावर. ते समाधान नव्हतं. तो माझा मान राखत होता.

दिवेलागणीला तो पोट धरून आडवा पडला. श्वास घेता येईना. गयासभाई पीठ टाकायला हातगाडी घेऊन आले होते. त्यांनी पोती खाली फेकली आणि त्याला गाडीवर घातला. मी नुसता उभा. ते ओरडले, "काकासाहेब, देखते क्या खडे? पाँव पकडो!" आम्ही गाडी ढकलत दवाखान्यात नेली. सकाळी तो गेला. तिथल्या डॉक्टरनं आम्हां दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, उपाशी शरीराला एकदम एवढं अन्न झेपत नाही, कोणी वाढलं याला? गयासभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, अन्नछत्रात जेवला.

अन्नछत्रात जेवला. एवढंच बोललो मी. हे खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं.

सरूबाई दवाखान्याच्या पायरीवर बसलेली. मी समोर गेल्यावर तिनं पदर पसरला आणि म्हणाली, "लई दिसांनी पोटभर जेवले मालक. तुमचं भलं व्हावं." तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित त्याच दिवशी माणूस झालो असतो.

गावात बोंब उठली, अन्नछत्राचं खाऊन माणूस मेला. मठात बैठक बसली. त्या वेळचे पंच आज हयात नाहीत. त्यांनी बाईंना विचारलं, तेल खराब होतं का? भांड्याला कल्हई नव्हती का? मी तिथं होतो. बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्याच्यानं चुकलं."

नंतर मी त्यांना गाठलं. विचारलं, असं का केलंत? बाई म्हणाल्या, "तुमचं नाव निघालं तर बाकीचे दाते भितील. एवढी माणसं दारात बसलीत. चूल इझली तर काय करायचं? दुष्काळ सरू द्या. मग तुम्हीच सांगा."

बाईंना काढून टाकलं. आठ महिने. दुसरा आचारी आला. त्याला भिंतीची पंगत वगैरे काही माहीत नव्हतं, सगळ्यांना सरसकट वाढायचा. त्या आठ महिन्यांत किती जणांचं पुंजारामसारखं झालं असेल? मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची माझी छाती झाली नाही. मी मात्र धान्य पाठवत राहिलो, आणि त्याबद्दल माझा याच मठात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

द्वारकाबाईंचं लग्न करमाडला ठरलं होतं. सोयरीक मोडली. जिच्या आईच्या हातचं खाऊन माणूस मरतो, तिच्या हातचं आम्ही काय खावं, असा निरोप आला. पुन्हा कोणी विचारायला आलं नाही. द्वारकाबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, आज चाळीस.

मग पाऊस पडला, दुष्काळ सरला, बाईंना परत बोलावलं. मी काही बोललो नाही. पाणी वाढायला लागलो. वाटलं, यात फिटेल. गयासभाई तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत, उठून माठावर जातात. लोकांना वाटतं हिंदू-मुसलमानाचं काही असेल. तसं नाही हो. हा एक माणूस या शहरात मला ओळखतो, एवढंच. ते चारदा म्हणाले, "बोल दो काकासाहेब." पाचव्यांदा म्हणाले नाहीत.

आता शेवटचं. गेल्या सोमवारी विश्वस्तांची बैठक झाली, जुना दाता म्हणून मलाही बोलावलं होतं. बाईंच्या जागी द्वारकाबाई नकोत, बाहेरच्या केटररला ठेका देऊ, असं ठरलं. कारण कागदावर आलं नाही, तोंडी आलं. ते जुनं प्रकरण पुन्हा उकरायला नको. तात्यासाहेब, तुम्ही हे चांगल्या मनानं म्हणालात, तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी तिथं बसून चहा प्यायलो.

काल संध्याकाळी बाई माझ्या घरी आल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बसल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "काकासाहेब, माझं झालं. पण माझ्या पोरीला काय येत नाय ते सांगा. अंगठा दाबून तिला पण कळतं." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

आत्ता वाचलेल्या मानपत्रात एक वाक्य आहे, 'मध्यंतरी काही काळ बाई प्रकृतीच्या कारणाने रजेवर होत्या.' तात्यासाहेब, हे वाक्य खोडा. त्याच्या जागी लिहा की पुंजाराम नावाचा माणूस काकासाहेबांच्या आग्रहानं मेला, आणि बाईंनी ते स्वतःवर घेतलं. फ्रेम करून आणलंय ते मला दिसतंय. काच काढावी लागेल. काढा. आणि ठेक्याचा कागद अजून सहीला आहे, तो आज इथंच, सगळ्यांसमोर फाडता आला तर बघा.

कोणी टाळ्या वाजवू नका, कृपा करून. बाई, तुम्हीही काही बोलू नका. माफ केलं असं तर म्हणूच नका, ती तुमची सवय आम्हाला फार महागात पडली आहे.

बोलायला दिलंत, ऐकून घेतलंत, तुम्हां सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त शब्द गेला असेल, तर म्हाताऱ्याचा समजून पोटात घाला. जे बावीस वर्षं बोललो नाही, ते घालू नका.