आईची आपोआप टोपली

...आणि वर सगळे माझ्याकडेच बघतात! माझं काय चुकलं, सांगा ना! तुम्हाला सांगतो, आई आमची शुब्रा वस्तीत चौथ्या मजल्यावर एकटी, रोज सकाळी बाल्कनीतून दोरीनं टोपली सोडायची आणि अख्खी गल्ली जागी होईल अशी ओरडायची, "ए शहाता, ताज्या रोट्या दे रे मेल्या!" खालून शहाताकाका, आमचा वाणी, म्हणायचा, "काय गं बहगतची आई, आहेस अजून?" "तुला पोचवून मग जाईन!" ...हे असं रोज!

आता मी पडलो डिझायनर, आम्हाला शिकवलेलंच हे की वापरणाऱ्याचं दुखणं आधी ओळखा. ओळखलं! विचारलं, आई, टोपलीचा त्रास काय? म्हणाली, "हात भरून येतात रे, घसा बसतो." झालं! मोटार लावली, सातच्या ठोक्याला टोपली आपली आपण खाली, शहाताकाकानं रोट्या भरल्या की वर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या परातीत स्वतःच रिकामी! ऑफिसातल्या मदीहाबाई चित्र बघून म्हणाल्या, "बहगत, बाई बघितलीस, बाईभोवतीचा पसारा बघितलास का? ही टोपली कशाकशाला बांधलेली आहे?" म्हटलं, "दोरीला, बाई! आणखी कशाला?" सगळे हसले... मीही हसलो. माझं काय चुकलं?

महिन्याभरानं आई फोनवर म्हणाली, "गल्ली फार गप्प झालीय रे." म्हटलं, मग आराम कर की!

रविवारी ती न्हाणीघरात पडली. सोमवारी सातला टोपली खाली, शहाताकाकानं रोट्या भरल्या. मंगळवारी भरल्या. बुधवारीही भरल्या हो! आणि मी? मी फोन करतो शुक्रवारच्या शुक्रवार! गुरुवारी परात ओसंडून एक रोटी रस्त्यावर पडली. काकानं ती उचलली, पुसली, पडलेल्या अन्नाचा मान म्हणून ओठांना लावली आणि दचकलाच... बहगतची आई रोटी टाकणारी नव्हे! धावला वर, दार फोडलं... आई गेली होती. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी कळलं असतं तर वाचल्या असत्या.

मातमाला, म्हणजे दुखवट्याच्या बैठकीत, मी काकाला धरून विचारलं, माझं काय चुकलं? रागावलासुद्धा नाही हो तो. म्हणाला, "ती ओरडायची, म्हणून मी वर बघायचो रे पोरा."

आता ऑफिसात ठरलंय, पुढच्या अशा टोपल्यांत गजर बसवायचा, घरातलं माणूस हललं नाही की वाजेल. बसवा बापडे. आमच्याकडे होता तसा गजर... घोगरा, भांडकुदळ, चौथ्या मजल्यावरचा... मीच काढून टाकला.